विजेच्या भट्टीतलं धोंडस

रुचिकाच्या आजोबांना मांडव्याहून नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आम्ही सगळ्या बऱ्या आहोत. तुम्ही वेळेवर जेवता ना?

आपल्या हेमालीनं विजेची भट्टी घेतली. तुम्ही दिलेल्या जून काकडीचं, तवशाचं धोंडस काल तिच्यात केलं. मी विचारलं, "झाकणावर निखारे कुठं ठेवायचे गो?" तर रुचिका हसून लोळली. धोंडस मात्र केकसारखं असं फुगलं की मीच दोनदा घेतलं. वेलची तेवढी कमी पडली.

जावईबापूंची बोट त्या लढाईच्या समुद्रात अडकली आहे, अजून फोन लागत नाही. कंपनीवाले म्हणतात, थांबा. हेमाली रडत नाही, रोज काहीतरी भाजत असते. आपल्याकडं मधेच झाकण उघडत नाहीत, इथं भट्टीला काचच आहे. तिच्यासमोर फरशीवर बसून राहते. काल म्हणाली, "आई, इथं निदान काहीतरी वर येताना दिसतं."

मीही तिच्याजवळ बसले.

वेलावर असतील तेवढी तवशी पाठवा. किसून द्यायला तरी मला येतं.

तब्येतीला जपा.
रुचिकाची आजी