साडीगार्ड

रविवार, २१ ऑक्टोबर २०१२

सुकापूरहून रिक्षाने वंदनाला घेऊन शोरूमला गेलो. लांबच्या प्रवासाला साडेतीनशे सीसीची जड गाडी बरी की दोनशेवीसची हलकी, आठवडाभर हेच चाललंय. टाकी, अ‍ॅव्हरेज, मागची सीट. पण डोक्यात एकच, साडीगार्ड.

जुन्या गाडीची मागच्या चाकाजवळची ती जाळी मीच काढली होती. बॅगा नीट बसाव्यात म्हणून. खोटं कशाला लिहू, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. कर्नाळ्याच्या वळणावर वंदनाची ओढणी चाकात गेली आणि आम्ही पडलो. तिचा खांदा मोडला, गाडी भंगारात गेली. ‘रस्त्यावर खडी होती,’ असं मी सगळ्यांना सांगितलं. तिलाही.

आज सेल्समन म्हणाला, “सर, टूरिंगला घेताय ना? साडीगार्ड काढूनच देतो. सगळे काढतात.”

वंदनाच म्हणाली, “राहू दे ते. यांच्या वाटेत खडी फार लागते.”

म्हणजे तिला माहीत होतं? कधीपासून? आठ महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी खडीची गोष्ट सांगत होतो, आणि ती शेजारी बसून मान डोलवत होती.