गोजरबाईचा हात आणि डार्लिंगचा जबडा

मु. बोरखेल, ता. पाथर्डी
फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप राधाकृष्णदाजींच्या चरणी धाकटा मेहुणा मच्छिंद्र याचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्काचा खोकला थांबला का? नगरच्या थंडीत तिला पहाटे पाण्यात हात घालू देऊ नका. आम्ही इकडे पाऊस सोडून बाकी सगळ्यांच्या कृपेने ठीक आहोत. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर समजून घ्या. कालचा प्रकार गिरणीत मांडीवर कागद ठेवून घाईनं लिहितो आहे.

तुमच्या लष्करी मेसमधल्या साहेबांची बदली झाली आणि तुम्ही त्यांचा कुत्रा ‘आठ दिवस सांभाळ’ म्हणून आमच्या गिरणीपुढे उतरवून गेलात, त्याला आता दिवाळीपासून तीन महिने झाले. (याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही जावई माणूस, तुम्ही हत्ती बांधला असता तरी आम्ही पेंढीच शोधली असती.) पण दाजी, निदान कुत्र्याचं तोंड तरी झाकून आणायचं. अंगानं पांढरा, डोळे मिचमिचे, मान रेड्याची आणि जबडा एवढा रुंद की सुसर लाजेल. लोकांना आधीच दुष्काळानं धीर राहिलेला नाही, त्यात हे. दुसऱ्याच दिवशी गावात बातमी फुटली की हा लढाईतला कुत्रा आहे, पूर्व पाकिस्तानात माणसं फाडून आलेला आहे, आणि त्यानं एकदा धरलं की जबडा मिटतो तो मिटतोच, मग इंजिनाचा पाना घालून खोलावा लागतो. पाना माझ्याच गिरणीत असल्यामुळे लोकांना ते जास्तच खरं वाटलं.

दळणाला कोणी येईना. बायका डोक्यावर मिलोची पाटी घेऊन पार टाकळीच्या गिरणीला चालत जायला लागल्या. (ती लाल अमेरिकन ज्वारी रेशनवर मिळते, तिची भाकरी थापताना तुटते आणि खाताना तुटत नाही.) त्यात कुत्र्याचं नाव डार्लिंग. साहेबांच्या बाईंनी ठेवलेलं, त्याला दुसऱ्या नावाची ओळख नाही. लग्न ठरायचं असलेल्या माणसानं भर पेठेत उभं राहून ‘डार्लिंग, ये’ अशी हाक मारायची म्हणजे काय, याचा तुम्ही विचार केलात का?

पहिली आली ती गोजरबाई. आमच्या आळीतली म्हातारी, खडी फोडायच्या कामावर जाते. तिच्या तोंडाला पाटीलसुद्धा भितात. ‘पाय चालंनात माजं टाकळीपत्तुर. आन् कुत्र्यानं खाल्लं तर खाऊ दे, हाडंच हायेत,’ असं म्हणत ती पाटी आणि मुसळ घेऊन सरळ दारात आली. दारात डार्लिंग आडवा पसरलेला. तिनं मुसळ उगारलं. त्यानं एक डोळा उघडला, उताणा झाला आणि चारी पाय वर करून पोट पुढे केलं. गोजरबाई तशीच उभी. (मी तेव्हा इंजिनाच्या चौथऱ्यावर चढून पट्टा तपासत होतो.) मग ती मुसळाच्या टोकानं त्याचं पोट खाजवायला लागली. ‘मुडदा बशिवला, ह्यो तर लोळतोय,’ म्हणाली. नाव विचारलं. मी हळूच सांगितलं. ‘डाळिंब? ब्येस हाय,’ म्हणाली. तेव्हापासून ती रोज यायची, पण एकटीच. तिनं कितीही सांगितलं तरी लोक म्हणायचे, म्हातारीला काय, तिला कुत्राच भितो.

आता कालचं. सरपंच आसारामांचं शेरडाचं पिल्लू हरवलं. गावात हरवलं म्हणजे कोणी नेलं हे विचारायची गरजच उरली नव्हती. दुपारी आसाराम रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक घेऊन गिरणीपुढे आले आणि मागं सगळं गाव. तुम्हाला सांगतो, ज्यांच्या घरी मी जेवलो आहे ती माणसं म्हणत होती, ‘मालक, बाजूला व्हा, छर्रा लागंल.’ डार्लिंग शेपटी हलवत सगळ्यांकडे बघत होता. एवढं गाव आपल्यालाच भेटायला आलं, असं त्याला वाटलं असावं.

गर्दीतून गोजरबाई पुढे आली आणि त्याच्याशेजारी फतकल मारून बसली.

‘गोजरबाई, सरक,’ आसाराम म्हणाले. ‘त्याचा जबडा बसला म्हंजी सुटत न्हाई.’

‘बगू की सुटतोय का,’ म्हणाली, आणि दाजी, तिनं त्याचं तोंड उघडून हात बांगड्यांपर्यंत आत घातला.

कोणी हललं नाही. आसारामांची बंदूक आपोआप खाली आली. डार्लिंगचे डोळे तिच्याकडे, तोंड उघडंच, कडेनं लाळ गळते आहे, आणि ही बया दुसऱ्या हातानं त्याचा कान चोळत सगळ्यांना म्हणते, ‘दात मोजायचं आसतील त्यानं फुडं यावं.’ मग त्याला शिंक आली. गावातल्या चार बायका ओरडल्या. गोजरबाईनं हात काढला, पदराला पुसला. हात जसाच्या तसा.

त्या शिंकेनं गिरणीत सांडलेल्या पिठात लोळत बसलेलं एक पांढरंशुभ्र पिल्लू बिचकून बाहेर आलं आणि सरळ डार्लिंगच्या पोटाशी जाऊन टेकलं. आसाराम म्हणाले, ‘ह्ये माजं न्हाई. माजं काळं हाय.’ गोजरबाईनं पिल्लाच्या पाठीवर थाप मारली. पीठ उडालं. खालून काळं निघालं.

आसारामांनी बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं, खाली बसले आणि दोन बोटं डार्लिंगच्या कपाळावर टेकवली, तापल्या तव्याला टेकवतात तशी. त्यानं ती चाटली. आज सकाळी गिरणीपुढे रांग होती. पोरं त्याच्या पाठीवर बसत होती, आणि आसाराम सगळ्यांना सांगत होते की जात खानदानी आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मी मान डोलावली आणि पट्टा चढवला. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मच्छिंद्र

ता. क. : हे अक्काला वाचून दाखवू नका. येत्या बाजारादिवशी जमेल तसं एकटेच या. गिरणी बंद ठेवतो. तुम्ही त्याचं तोंड घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे मी मागच्या बाजूनं त्याला एकदा हात लावून बघेन.

पुन्हा ता. क. : आजवर त्याला हात न लावता भाकरी खोऱ्यावर ठेवून सरकवत आलो. गावाला वाटतं, त्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव माझा. दुपारी तो माझ्या खुर्चीपाशी येऊन बसतो आणि वर माझ्याकडे बघत राहतो. मी रस्त्याकडे बघतो. आज त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून मी हात पुढे केला होता. अगदी जवळ नेला होता. तेवढ्यात त्यानं जांभई दिली.