त्यांच्या छपरावर धूर नव्हता

औंढ्याच्या वरची वाडी. शनिवार, जानेवारी १९५८. दिवेलागण.

समोर भात वाढलेला आहे आणि मी लिहीत बसलोय, कारण कुणीच जेवायला सुरुवात करत नाही.

सडक सोडून डोंगरातून सायकली हाणायची हौस आमचीच, माझी आणि दामूची. चढावर त्याच्या सायकलची चेन तुटली. इथल्या एका ठाकर आदिवासी जोडप्यानं, मावशी आणि आबांनी, आम्हाला रात्रीपुरतं ठेवून घेतलं. अंगणात घोंगडी अंथरली आणि न विचारताच सूपभर तांदूळ, मीठ, लाकडं, घासलेलं पातेलं पुढ्यात आणून ठेवलं.

"आमच्या हातचं तुमी खानार न्हाई. हितंच रांधा," मावशी म्हणाल्या.

खाऊ की, असं मी म्हणणार तेवढ्यात दामू म्हणाला, "बरं झालं." आणि मी गप्प बसलो. का बसलो?

तीन दगडांवर भात रटरटत होता. सहज त्यांच्या छपराकडे पाहिलं. धूर नव्हता. शेजारच्या सगळ्या घरांवर होता, यांच्याच नव्हता. दामूला दाखवलं तर म्हणतो, "जेवले असतील."

चिडून पातेलंच उचललं आणि आत गेलो. चूल थंडगार. त्यांचा रात्रीचा तांदूळ माझ्या हातात.

"मावशी, आमच्या हातचं चालेल का?"

त्यांनी झाकण काढलं. "करपिवला की वो!" म्हणून हसल्या आणि पानं मांडली. त्यांची दोन, माझं एक, उंबऱ्याजवळ चौथं.

"त्या भाऊलाबी बोलवा."

दोनदा हाक मारली. दामू अंगणात तुटकी चेन हातात घेऊन पाठमोरा बसलाय. भात निवतोय, आणि मावशी चौथ्या पानावरची माशी वारत बसल्यात.