मजुरीवर होते का श्रमदानावर?

संबोधीचे बाबा,

जयभीम. माह्या डोळ्याले डोळा नाई. पोरगी झोपते, मीच नाई झोपत. सरपंच घरी येऊन गेले, तवापासून. सोमवारच्या ग्रामसभेत मले एक गोष्ट सांगाची हाय. ती आधी कोनाले सांगू? म्हनून तुमाले लिहून राह्यली. माह्यं लिहिनं सातवीपर्यंतचं, समजून घ्या.

तुमी गेले त्या दिवशी मजुरीवर होते का श्रमदानावर, एवढंच इचारते सगळे. पोरगी कशी हाय, हे कोनी नाई इचारत.

तुमाले तर माहीतच हाय. बुलढान्यापासून डोंगराच्या कडेकडेनं, आपल्या गावावरून तलावापर्यंत फिराचा रस्ता. जागा वनखात्याची, पैसा थोडा सरकारचा, थोडा कोन्या कंपनीचा, अन गावाचा वाटा म्हंजे श्रमदान. तुमी हसले होते. "आपले पाय चालून चालून झिजले, अन शहरातल्या लोकाइले चालाले जागा नाई म्हन्ते!" तरी गेलेच ना? ठेकेदाराकडं मजुरीनं बी गेले, अन गावानं बोलावलं का श्रमदानाले बी.

त्या दिवशी दोन्ही कामं चालू होते. खाली गाव, वर ठेकेदाराचे मजूर. वळनावरचा दगड घसरला, तुमाले घेऊन गेला. आता वनखातं म्हन्ते, काम पंचायतीचं. पंचायत म्हन्ते, ठेकेदाराले इचारा. ठेकेदार म्हन्ते, तो मानूस त्या दिवशी माह्या हजेरीवर नव्हताच, भरपाई कायची? सगळ्याइनं मिळून केलेला रस्ता हाय. मंग तुमी कोनाचे?

सरपंच खाटेवर बसले अन म्हने, "बाई, श्रमदानावर होता म्हनून सभेत सांग, अन सही कर. त्याच्या नावाचा दगड लावू वळनावर. फीत तुह्याच हातानं कापू."

मी म्हटलं, "अन मजुरीवर होते म्हटलं तर?"

"तर काम बंद पडन. पुढचा पैसा येनार नाई. गाव तुलेच बोलन. इथंच राहाचं हाय ना तुले, पोरीले घेऊन?"

रागानं नाई बोलले. चहा पेले. साखर कमी हाय म्हने.

सासूबाई म्हने, "हो म्हनून टाक. माह्यं लेकरू तर वापस येत नाई."

सलीमभाऊ त्या दिवशी कामावर तुमच्या बाजूलेच होता. त्याले इचारलं. तो म्हने, "वहिनी, मले नका इचारू. मले त्याच ठेकेदाराकडं रोज जा लागते." मंग रडत बसला. मले रडू नाई आलं. येतच नाई. पायाले मुंग्या आल्यावर होते ना, तसं सगळ्या अंगाले झालं हाय. संबोधी अंगावर पेते, ते बी समजत नाई कधी कधी.

पन मले माहीत हाय हो. श्रमदानाच्या दिवशी पंचायत खिचडी करते. तवा तुमी डबा नेतच नव्हते. फुकटची खिचडी काऊन सोडाची, म्हनाचे. अन त्या दिवशी मी भाकर अन ठेचा बांधून देल्ला. तुमी दारातून म्हटलं, "कांदा बी टाक, मुकादम आज लवकर सोडनार नाई." श्रमदानाले कुठचा मुकादम?

डबा सलीमभाऊनं आनून देल्ला. भाकर तशीच होती. शेळीले घातली मी.

वर चढाले तुमीच काऊन पुढं झाले? बाकीचे नव्हते? "मले भेव नाई लागत," हे सांगाची लय हौस तुमाले. मले लागते. नळावर गेली तर बाया चूप होतात. घरकुलाचं काम त्याच पंचायतीत अडकलं हाय. मी एकटी उभी राहून बोलली, अन कोनीच माह्या बाजूनं नाई उठलं तर?

रस्ता बंद पडावा असं मले नाई वाटत. तुमचा घाम हाय त्याच्यात. पोरगी चालन त्याच्यावर उद्या. पन फुकटात मेले, असं दगडावर लिहिलेलं तिनं वाचाचं काय?

तर माहा शब्द घ्या. सोमवारी मी सही करनार नाई. उभी राहून सांगनार हाय का तुमी मजुरीवर होते, डबा घेऊन गेलते. आवाज कापन, कापू द्या. पन सांगीन.

तुमची,
कविता

हे पत्र वळनावर, संबोधीचे बाबा गेले त्या जागी दगडाखाली ठेवून राह्यली. रस्ता चालू नाई झाला तरी बुलढान्याचे लोक सकाळी फिराले येतात तिथं. तुमी वाचत असान, तर तुमी आमच्या गावचे नाई, म्हनून सांगते. आमचा एकच फोन होता, त्याइच्या खिशात. त्याचा चुरा झाला. गावात कोनाचा मागितला तर सरपंचाले समजन. तान्ह्या पोरीले घेऊन मले दूर जाता येत नाई. माहा भाऊ मलकापूरले कापसाच्या जिनिंगमधी हमाल हाय. नंबर मागच्या बाजूले लिहिला हाय. त्याले फोन करा. म्हना, कवितानं अजून सही नाई केली, सोमवारच्या सभेले तिच्याजवळ येऊन बस.