पेन्सिलच्या रेघा आणि तबस्सुमची स्कूटी

८ जानेवारी २०२५, बुधवार

आजपासून रोजनिशी. विमा एजंटने डायरी फुकट दिली आहे. किराण्याच्या यादीत घालवण्यापेक्षा ही बरी.

आठवडाभर मोबाइलवर जुन्या कॉमिक्सचे व्हिडिओ बघतोय. लोक मेलेल्या काकाची पेटी उघडतात आणि बंगला बांधतात. आता मला यातलं सगळं कळतं. अंक पहिला हवा. पिना मूळच्या हव्यात, गंजलेल्या चालतील. मागच्या पानावर छापखान्याचा पत्ता हवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कंडिशन! एक डाग, एक रेघ, की खेळ खलास.

दुपारी मूल शहराच्या पुढच्या एका गावातली दिव्यानी नावाची पोरगी दुकानात आली. आशा वर्कर आहे. वडिलांच्या पुण्यस्मरणाचा बॅनर हवा होता. वडील म्हणजे रामाजी पेंटर, झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. आता ते पडदेही आम्हीच छापतो, फ्लेक्सवर. तासाभरात महाल तयार. बोलता बोलता ती म्हणाली, बाबाची कॉमिक्सची पेटी घरीच पडून आहे जी, उंदरं खाऊन राह्यले.

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. फक्त पुण्यस्मरणाच्या बॅनरला चुकून वाढदिवसाची फ्रेम पडली, फुग्यांसकट. ती लगेच बदलून दिली.

१२ जानेवारी, रविवार

निश्चय : उत्सुकता दाखवायची नाही.

माझी मोटरसायकल गॅरेजमध्ये उघडी पडली आहे, म्हणून बायकोची, तबस्सुमची, स्कूटी घेऊन दिव्यानीच्या गावी गेलो. तिला सांगितलं, बॅनरचं माप घ्यायला चाललो.

पेटी उघडली आणि सगळ्यात वर वज्रकेतू! अंक पहिला, साल १९६४, किंमत साठ पैसे. मागे छापखान्याचा पूर्ण पत्ता, अगदी पिनकोडसकट. बनावट माल असता तर कोणी पिनकोड छापायची तसदी घेतली असती का? मी मफलर नाकापर्यंत ओढला. थंडी होती.

पण कंडिशन! या रामाजीला काय म्हणावं? प्रत्येक चित्रावर पेन्सिलच्या आडव्या-उभ्या रेघा. चौकटीच चौकटी. बाजूला बारीक अक्षरात ‘इथी हिरवा’, ‘जंगल गडद’, ‘महालाले पिवळा’. असा खजिना हातात असताना माणूस त्यावर भूमितीचा अभ्यास करतो?

रामाजीची बायको सुगंधाबाई शेजारी बसून सांगत होती, ते चौकट पाहून पाहून पडद्यावर मोठं करत जी, एक चौकट झाली का दुसरी. वज्रकेतूचा महाल त्याईनं असाच उतरवला, आख्खा गाव पाहाले आला होता. मी मान डोलवली. कला आपल्या जागी, पण बाजारभावाचं काय?

पैशाची गोष्ट काढली तर दिव्यानी नाही म्हणाली. तिला चार गावं फिरावी लागतात, सायकलने पाय मोडतात. तिची नजर अंगणात उभ्या स्कूटीवर. पुढचं सगळं फार लवकर झालं. मी नाखुशी दाखवली, तिने पेटीचं झाकण लावलं, मी चावी दिली. सौदा असा रोखठोक असावा लागतो.

दहा-बारा अंक मी तिथेच ठेवले. त्यांवर रेघा शाईच्या होत्या, वर रंगाचे फराटे. ते कशानेही निघणार नाहीत. रद्दी कोण वाहून आणेल? सुगंधाबाई उलट खूश झाली. म्हणाली, राहू द्या भाऊ, घरात त्याईच्या हातचं काहीतरी राहीन.

पेटी घेऊन एसटीने परत. कंडक्टरने लगेज लावलं. ही असली छोट्या मनाची माणसं.

१३ जानेवारी, सोमवार

तबस्सुमला सकाळी कळलं, कारण तिला शाळेत शिकवायला जायचं होतं.

तिला नीट समजावलं. आरसी माझ्याच नावावर आहे, म्हणजे कायद्याने ही चोरी नाही. महिन्याभरात नवी इलेक्ट्रिक दारात उभी करतो.  तिने तेवढं एक विचारलं, डिक्कीतला माझा रेनकोट तरी काढला होता का?

नव्हता काढला.

तिची शाळा बल्लारपूर रोडला. जटपुरा गेटवरून जाहिदची ऑटो लावून दिली. जाहिदला बजावलं, आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे रे. तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

१६ जानेवारी, गुरुवार

आमच्या अदीबाने न विचारता कॉमिक्सचे फोटो काढून नेटवर टाकले. रेघांसकट! पोरीचं वय कॉलेजचं, अक्कल बालवाडीची. तिला म्हटलं, स्थळ दाखवताना कोणी नवरदेवाच्या फोडाचा फोटो पाठवतं का? संध्याकाळपर्यंत सगळे फोटो नेटवरून उतरवायला लावले.

ती म्हणाली, अब्बा, जसं आहे तसं सांगावं. ही पिढी धंदा करू शकणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

फोन!!

नागपूरहून दीपिका मॅडम. नेटवर फोटो आणि खाली दुकानाचा नंबर बघितला होता. पहिलाच प्रश्न : ही रामाजी पेंटरची कॉमिक्स आहेत का, आणि त्यावर पेन्सिलच्या रेघा आहेत का?

मी ताबडतोब सांगितलं, एकही रेघ नाही.  मग म्हणाल्या, पण फोटोत तर चौकटी दिसत होत्या. मी म्हटलं, खिडकीच्या जाळीची सावली. असं पटकन सुचणं ही देणगी असते.

तरीही म्हणाल्या, एकदा डोळ्यांनी बघते, ९ फेब्रुवारीला येते. त्यांच्याकडे म्युझियम होतंय. म्युझियम! शेवटी त्यांनी दोनदा बजावलं, कॉमिक्स आहेत तशी ठेवा, अजिबात हात लावू नका. अर्थ सरळ आहे. म्युझियमच्या लोकांना माल चकाचक लागतो, बोटाचा ठसासुद्धा चालत नाही.

म्हणजे रेघा जायलाच हव्यात.

१८ जानेवारी, शनिवार

गोल बाजारातून खोडरबर आणले, चांगले मऊ. निश्चय : रोज सकाळी दुकान उघडण्याआधी चार अंक.

आज अर्धा झाला. रामाजीचा हात काय जड होता!

२१ जानेवारी, मंगळवार

खोडरबराने कागदाची सालं निघतात. व्हिडिओत सांगितलंय, पावाचा मऊ भाग घासा. उपाय उत्तम. रेघा जातात, मुंग्या येतात.

मनगट सुजलं. अदीबा उशाशी येऊन म्हणाली, अब्बा, त्या बाईंनी स्वतःहून रेघांबद्दल विचारलं होतं, त्यांना रेघाच हव्या असतील तर? मी तिला शांतपणे समजावलं की गिऱ्हाईक आधी दोष विचारतं, कारण भाव पाडायचा असतो. कोंबडी घेताना आपण तिचा पाय लंगडा आहे का विचारतो, म्हणून आपल्याला लंगडी कोंबडी हवी असते का? तिला ते पटलं. किंवा झोप आली.

२५ जानेवारी, शनिवार

तबस्सुमला या महिन्यात तिसऱ्यांदा उशीर. जाहिदची ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. हेडबाईंनी अर्धी रजा कापली. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, असं ती अदीबाला सांगत होती. मला नाही. मला ती हल्ली फक्त ‘डाळ घ्या’ एवढंच सांगते.

मला वाईट वाटत नाही असं नाही. पण मी हे कोणासाठी करतोय? नव्या गाडीवर पहिल्यांदा बसेल तेव्हा कळेल तिला.

प्रजासत्ताक दिनाच्या बॅनरची गर्दी होती, पाच गिऱ्हाईकं परत गेली. मी मागच्या खोलीत वज्रकेतूच्या जंगलातून ‘जंगल गडद’ काढत होतो.

३० जानेवारी, गुरुवार

रेघ गेली तरी तिची खाच राहते. उजेडात तिरपं धरलं की दिसते. उपाय : वर सुती रुमाल ठेवून इस्त्री.

एक मुखपृष्ठ तपकिरी झालं. जुनं दिसतं. फायदाच.

२ फेब्रुवारी, रविवार

दिव्यानी आली, बॅनरचे राहिलेले पैसे द्यायला. स्कूटीवर! नवं सीट कव्हर, आरशाला लाल गोंडा, मागे गोळ्या-औषधांचा डबा बांधलेला. तबस्सुम खिडकीत उभी राहून बघत होती. मग खाली गेली, डिक्कीतून रेनकोट घेतला आणि दिव्यानीला म्हणाली, मागचा ब्रेक जरा जपून हं, उतारावर लागत नाही.

मला हा चिमटा वाटला.

दिव्यानी म्हणाली, आई विचारून राह्यली, बाबाच्या रेघा अजून दिसतेत का? तिले एकदा पाहाची हाय. मी विषय बदलला, धानाला यंदा भाव काय मिळाला ते विचारलं. जाता जाता ती म्हणाली, नागपूरच्या एक मॅडम आमच्याइथी बी येऊन गेल्या, बाबाचं सगळं विचारत होत्या.

अच्छा! म्हणजे बाई माझ्या पाठीमागे स्वस्तात काही मिळतं का बघतेय. बघू दे. तिथे आता शाईने बरबटलेली रद्दी उरली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळे अंक साफ. एक रेघ दाखवा आणि इनाम न्या. प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट. दुकान झाडलं. जाहिदला सांगितलं, बस, आता दोन-तीन दिवस. तो आजही हसला.

इलेक्ट्रिक स्कूटीचा रंग ठरवला. आकाशी.

९ फेब्रुवारी, रविवार

दीपिका मॅडम आल्या.

मी फक्त पेटी पुढे सरकवली, माल बोलेल म्हणून. त्यांनी पहिलं पाकीट उघडलं. दुसरं उघडलं. मग अंक घेऊन दारात गेल्या आणि उन्हात तिरपा धरला. विचारलं, रेघा कुठे आहेत? मी छाती पुढे काढून म्हणालो, गेल्या! तीन आठवडे घासतोय.

त्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं.

मग जे सांगितलं ते लिहितो, लिहिलंच पाहिजे. म्युझियम कॉमिक्सचं नाही, झाडीपट्टीच्या पडद्यांचं आहे. रामाजीचे पडदे आता कुठेच उरले नाहीत. कोणी धानाच्या ढिगावर टाकले, कोणी मांडवाला बांधले. पडदा कसा उमटायचा हे सांगणाऱ्या त्या चौकटीच तेवढ्या उरल्या होत्या. म्हणजे १८ जानेवारीला मी खोडरबर हातात घेईपर्यंत.

मी म्हटलं, ठीक आहे, पण वज्रकेतू? अंक पहिला? साल १९६४? त्यांनी मागचं पान उलटून पिनकोडवर बोट ठेवलं. म्हणाल्या, भाऊ, पिनकोड देशात १९७२ साली आला. हे नंतरचं पुनर्मुद्रण आहे, असे गठ्ठ्यांनी मिळतात.

सुगंधाबाईकडचे शाईचे अंक त्या आधीच घेऊन गेल्यात. रामाजीचं नाव मोठ्या अक्षरात लागेल या बोलीवर. मी रद्दी म्हणून सोडले होते ते.

चहा न घेता गेल्या. बाई मुळात अहंकारी वाटल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

रेघाच पाहिजेत ना? पट्टी आहे. पेन्सिल आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ध्या पेटीवर चौकटी मारून झाल्या. रामाजीपेक्षा सुबक. ‘इथी हिरवा’सुद्धा लिहिलं. म्युझियमला नको असतील तर नको. सुगंधाबाईला नवऱ्याच्या रेघा बघायच्याच होत्या. पेटी तिला परत, स्कूटी मला परत. दोन्ही बाजूंनी भलं. हे आधीच का सुचलं नाही?

अदीबा दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, डाळ घ्या. आईवर गेली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेटी घेऊन एसटीने गेलो. तोच कंडक्टर, पुन्हा लगेज.

सुगंधाबाईने हात पदराला पुसून वज्रकेतू मांडीवर घेतला. एका रेघेवरून बोट फिरवत गेली. मग दुसऱ्या. मी सांगत होतो, बघा, सगळं आहे तसंच आहे. ती म्हणाली, नाई भाऊ. त्याईची रेघ कोपऱ्याले आली का थोडी वाकडी होये, अंगठा मोडला होता त्याईचा. हे सरळ हाय.

मी स्कूटीचं बोललो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, पेटी घेतली असती जी, काऊन नाई घेतली असती. पण त्या पुस्तकात आता ते नाईत.

 तिने पोहे दिले, ते खाल्ले. फार वाईट वाटलं.  दिव्यानी म्हणाली, चला भाऊ, फाट्यावर सोडून देतो. मी तबस्सुमच्या स्कूटीवर मागे बसलो, पेटी मांडीवर. उतारावर मागचा ब्रेक लागला नाही, पण पोरीने सांभाळून घेतलं.

घरी आलो तर तबस्सुम वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, डाळ झाकून ठेवली आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निश्चय : आता स्वप्नं बंद. जबाबदारीने वागायचं. तबस्सुमची रोजची धावपळ तरी मिटवू, म्हणून सकाळी लवकर जटपुरा गेटवर गेलो. जाहिदला म्हटलं, मॅडमचं आता महिन्याचं बांधून टाक, सीट पक्की.

जाहिद म्हणाला, मॅडमनं तर पयल्याच दिवशी बांधून घेतलं ना भाऊ. पूर्ण वर्षाचं.