गोदावरीत शिरलेलं कासव

१२ फेब्रुवारी
राजनंदिनीचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, बिडकीनची. हिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो माझ्या सहलीत. आता फेलोशिपवर आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या पाठीला टॅग चिकटवते. कासव श्वास घ्यायला वर आलं की टॅग उपग्रहाला ठिकाण कळवतो. कासवं कुठं फिरतात ते कळलं की तेवढ्या पट्ट्यात मासेमारीचे ट्रॉलर बंद ठेवायला सांगता येईल, म्हणे. मला नकाशाचा पासवर्ड दिला. "वेळ मिळाला तर बघत जा, सर." तिला मार्गदर्शन हवंय, मागायची लाज वाटते. प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख आहे मी! उद्यापासून रोज पहाटे नकाशा पाहणे.

१६ फेब्रुवारी
पहाटे जमत नाही. थंडी आहे. दुपारी पाहिला. सात नंबरचं कासव किनाऱ्याशी घुटमळतंय. अंडी घालायला, असं राजनंदिनीला वाटतं. वाटू दे.

२१ फेब्रुवारी
सातचा ठिपका जमिनीवर! राजमहेंद्री. म्हणजे कासव गोदावरीत शिरलं. अशी नोंद जगात नाही. निदान माझ्या वाचनात नाही. (मार्चपासून वाचन वाढवणे.) राजनंदिनीला कळवलं. ती म्हणाली, "सर, टॅग सारखा सिग्नल देतोय. म्हणजे कोरडा आहे. पाण्याखाली गेलेलाच नाही." म्हटलं, ऊन खात असेल. फेलोशिप मिळाली की कल्पनाशक्ती आटते.

२२ फेब्रुवारी
कासव हैदराबादजवळ. भूगोलाचा शंतनू म्हणाला, गोदावरी हैदराबादला जात नाही. म्हटलं, एखादा कालवा असेल. भूगोलवाल्यांना काय कळतं! घरी कालिंदीनं विचारलं, एका दिवसात एवढं अंतर? तेही प्रवाहाच्या उलट? मी म्हणालो, जिद्द. ती हसली. बायको बी.कॉम. आहे, जाऊ दे.

२३ फेब्रुवारी
नांदेड! बसा आता बोंबलत. ही गोदावरीच, आणि पुढं पैठणचं धरण. प्राचार्यांना सांगितलं. वार्ताहराला सांगितलं. सत्कार होणारच, म्हणून गुलमंडीतून बरीशी शाल आणून प्राचार्यांकडे दिली. त्यांच्या निवडीवर विश्वास नाही.
राजनंदिनीचे फोनवर फोन. उचलले नाहीत. आता श्रेयात वाटा हवा असेल.

२४ फेब्रुवारी, दुपार
धरणावर आम्ही तिघं. प्राचार्य, वार्ताहर, मी. स्वागताचा बॅनर वाऱ्यानं उडाला. ठिपका जवळ आला, पण पाण्याकडे वळला नाही, बिडकीनच्या रस्त्याला लागून थांबला. वार्ताहरानं फोनवर नकाशा मोठा करून पाहिला. म्हणाला, "सर, तुमचं कासव धाब्यावर थांबलंय." पत्रकारितेचा दर्जा!

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
धाब्यावर मासळीचा ट्रक. ड्रायव्हर कडुबा चहा पीत होता. टॅग डॅशबोर्डवर, देवाच्या फोटोशेजारी.
"ह्ये व्हय? बंदरावर जाळं उपसत व्हते, त्यात कासव निघालं. मेलेलं. त्याच्या पाठीवर व्हतं. जीपीएस असंल म्हनून घेतलं मागून. लई भारी दिसतंय ना?"
वार्ताहर पोट धरून हसला. प्राचार्य गाडीत बसून निघून गेले, शालीसकट. मी कडुबाला विज्ञानाचं महत्त्व चांगलं खडसावून सांगितलं. तो "व्हय साहेब" म्हणत ऐकत राहिला. टॅग जप्त केला. बसनं परत आलो.

२५ फेब्रुवारी
राजनंदिनीला फोन केला. वाटलं, हसेल नाहीतर चिडेल. दोन्ही नाही. म्हणाली, सात नंबर तिनं स्वतःच्या हातानं टॅग केलेलं पहिलं कासव. पाण्यात शिरेपर्यंत ती वाळूत त्याच्याशेजारी बसून होती.
मग म्हणाली, "कुठलं बंदर, सर? कुठली बोट? जाळं कुठं टाकलं होतं?"
मी विचारलं नव्हतं. बोलायचं काम मीच केलं होतं.
"त्यासाठीच फोन करत होते, सर. टॅग रस्त्यावर आहे म्हणजे कुणीतरी गाडीत घातलाय, हे कळलं होतं. त्या माणसाला गाठून एवढं विचाराल का, म्हणून. कासवं कुठं मरतात, तेच तर हवंय."
म्हटलं, ट्रक शोधतो. नंबर? घेतला नाही. धाब्यावर फोन केला. ट्रक कालच निघून गेला, कुठं ते माहीत नाही.
टॅग माझ्या टेबलावर आहे. नकाशावर सातच्या ठिपक्याखाली आता फक्त माझं घर दिसतं.