दुसऱ्या हाताची नखं

मंगळवार, ९ सप्टेंबर
दुपारचे अडीच

ताई,

नमस्कार. कागदावर तुला शेवटचं पत्र लिहिलं ते तुझं लग्न झालं त्या वर्षी. अर्धं पान मी मांजरीबद्दल लिहिलं होतं आणि तू उलट टपाली विचारलं होतंस, "घरात माणसंही आहेत ना गं?" तेव्हापासून हात आखडला तो आखडलाच. आता फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढ्या आशेवर लिहिते आहे.

इकडचं म्हणशील तर दवाखाना चालू आहे. आमचे दातांचे डॉक्टर जेवायला गेलेत. समोरच्या खुर्चीत एक आजोबा तासभर आधीच येऊन बसलेत, कवळी डबीत घालून डबी मांडीवर. दर पाच मिनिटांनी "आले का?" विचारतात, आणि कवळी डबीत असल्यामुळे मला ते दर वेळी नव्यानं समजून घ्यावं लागतं. आमच्या ह्यांनी सकाळी फिरायला जायला सुरुवात केली आहे. आज तिसरा दिवस, म्हणजे उद्या बंद. चिऊची परीक्षा चांगली गेली असं भाऊजींकडून कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस, फोन मीच केला होता. एवढी मोठी मुलगी झाली तुझी, अजून मला ती सायकलवरून पडणारीच दिसते.

बघ, पान संपत आलं आणि मी अजून कवळीतच अडकले आहे.

माझं त्या वेबसाइटचं प्रकरण तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटायचं, हिला वेळ जात नाही म्हणून लिहिते. तिथे कोणीही लिहू शकतं, अडचण वाचणाऱ्यांची. दर गुरुवारी त्यांचे संपादक थोडे लेख निवडतात. निवडलेल्या लेखाच्या नावाशेजारी हिरवी खूण येते आणि तो लेख हजारो लोकांच्या फोनवर आपसूक जाऊन पोचतो. बाकीचे तळाला. आई होती तोवरच्या तीन वर्षांत मी एकशे बारा लेख लिहिले. एकालाही खूण नाही. वाचणारे सरासरी नऊ, त्यात मला धरून.

आई मात्र दर गुरुवारी फोनवर विचारायची, "बडबडे, लागला का नंबर?" तिला ते शाळेच्या निकालासारखं वाटत असावं. मी म्हणायची, पुढच्या वेळी. ती म्हणायची, "त्यांना वाचता तरी येतं का?" जगात माझी बाजू घेणारी ती एकटी होती, आणि तिनं माझा एकही लेख वाचला नव्हता. चष्मा लावूनही तिला दिसायचं नाही.

आता तुझ्या दुकानातलं. भाऊजींनी मला सगळं सांगितलं. तू त्या बाईंच्या झग्याची लांबी घेत खाली बसली होतीस, तोंडात टाचण्या. बाई म्हणाल्या, "एक फार सुंदर वाचलंय, ऐका," आणि फोनवरून माझा लेख तुला पूर्ण वाचून दाखवला. आई, खिडकीजवळची कॉट, शिवणाच्या मशिनवर ठेवलेलं पाण्याचं भांडं. एका हाताची नखं कापून झालेली, दुसऱ्या हाताची राहिलेली. बाईंचे डोळे भरून आले. तू तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्यास आणि विचारलंस, "एवढी लांबी पुरे का?"

भाऊजी म्हणाले, त्या दिवशी तू दुकान लवकर बंद केलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ताई, तो लेख मी आधी असा लिहिला नव्हता. ही सबब नाही, घडलं तसं सांगते. पहिल्या मसुद्यात तूच होतीस. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओट्यापाशी उभी राहून मला जे सांगितलंस, ते मी तू सांगितलंस तसंच उतरवलं होतं. आईला वाढलेली नखं खपायची नाहीत, म्हणून तू कापायला बसलीस. डाव्या हाताची झाली आणि ती म्हणाली, "थांब जरा, दमले." तू म्हणालीस, "कापतेय मी आणि दमलीस तू?" दोघी हसलात. कापलेली नखं टाकायला तू उठलीस, मोरीपर्यंत गेलीस आणि परत आलीस, तेवढ्यात ती गेली होती. हे सांगताना तू मोरीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "एवढंच अंतर आहे बघ."

संपादकांनी लेख परत पाठवला. लिहिलं होतं, "प्रसंग प्रभावी आहे, पण ऐकीव आहे. आम्ही स्वानुभव निवडतो. या लेखात तुम्ही कुठे आहात?"

मी तिथे नव्हतेच, तर दिसणार कुठून? पण तसं उत्तर मी दिलं नाही. चौदा ठिकाणी 'ताई' होतं, तिथे 'मी' केलं. मग वाक्यं त्याप्रमाणे वळवून घेतली. वीस मिनिटं लागली. आणि ते मोरीपर्यंत जाणं मी काढून टाकलं. माझ्या लेखात कोणी उठतच नाही. मी आईचा हात हातात धरून बसते आणि ती माझ्याकडे बघत जाते. शेवट जुळून येत नव्हता, तो तसा जुळला.

गुरुवारी हिरवी खूण आली. ऐंशी हजार लोकांनी वाचलं. "तुमच्यासारखी मुलगी सगळ्यांना मिळो" असं किती जणांनी लिहिलं. मी दवाखान्यात बसून एकेकाला धन्यवाद देत होते. आजोबांसारखे पेशंट समोर ताटकळत होते आणि मला भान नव्हतं. ताई, मला आनंद झाला होता. हे लिहायला जिवावर येतंय, पण झाला होता. आईला फोन करावा असं सगळ्यात आधी मनात आलं. नंबर लावलासुद्धा. तो फोन आता चिऊ वापरते हे वाजायला लागल्यावर आठवलं, म्हणून कापला.

तुझा एकच मेसेज आला, तो मला पाठ आहे. "मी उठले होते. तू लिहिलंस तशी बसून राहिले असते तर बरं झालं असतं. आता तुझंच डोळ्यांसमोर येतं आणि माझं नीट आठवेनासं झालंय." त्यानंतर आजतागायत काही नाही.

वापरलंच होतं तर तुझं नाव तरी घालायचं, एवढ्यावरच तू रागावलीस असं मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, माफी माग, मिटेल. पण मी ती मागायला बसले की दुसरंच काहीतरी पुढे येतं, आणि त्याच्यावरून उडी मारून माफीपर्यंत पोचता येत नाही. सहा महिने झाले. आता लिहून टाकते.

आई गेली त्या बुधवारी सकाळी नऊला तुझा फोन आला होता. "आज ये. आई तुझं नाव काढतेय." मी म्हणाले, डॉक्टर रजा देत नाहीत, उद्या येते. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. दवाखाना बंद होता. मी घरीच होते, ताई.

संपादकांनी एक लेख किरकोळ सुधारणा सुचवून परत पाठवला होता, 'मग विचार करू' म्हणून. बुधवारी पाचपर्यंत पाठवायचा, गुरुवारी निवड. मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय. उद्या हिरवी खूण घेऊनच जावं, आईच्या कानात सांगावं, लागला गं नंबर. लेख कशावर होता विचारशील तर कपाट आवरण्याच्या सात सवयींवर. माझं कपाट तू पाहिलं आहेस. हसायला आलं तर हस, मी काही म्हणणार नाही.

चार वीसला तुझा फोन वाजला. टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर वाजत होता. दोन परिच्छेद राहिले होते. मी तो वाजू दिला. पाठवून झाल्यावर, पंधरा मिनिटांनी, तुला उलटा फोन केला आणि म्हणाले, "अगं, पेशंट होते."

तू म्हणालीस, "असू दे. कामात असशील." आणि मग सांगितलंस.

तो लेख काही निवडला गेला नाही. सातवी सवय पटली नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात मी नखांचा लेख उघडला. सगळीकडे तुला परत ठेवलं. तू उठतेस, मोरीपर्यंत जातेस, परत येतेस, सगळं. शेवटी लिहिलं की त्या वेळी मी तीन तासांच्या अंतरावर माझ्या घरी होते आणि आधी छापलं ते खोटं होतं. लेख बदलला की खूण आपोआप जाते, पुन्हा तपासणी होते, हा त्यांचा नियम. संपादकांनी कळवलं, "आधीचा मसुदा अधिक भिडणारा होता." आधीचा ऐंशी हजारांनी वाचला. हा आतापर्यंत अकरा जणांनी. त्यात मी धरलेली नाही. तुझं तुला परत देता येईल असं मला वाटलं होतं. अकरा जणांत काय परत दिलं जाणार.

आजोबा विचारताहेत, आले का. डॉक्टर खरंच आलेत, दारात बूट काढताहेत. घाईत लिहिते, अक्षर सांभाळून घे.

पाकिटात सोबत एक कागदाची पुडी आहे. तिच्यात आईचं नेलकटर आहे. त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा ते खिडकीच्या कठड्यावर होतं. सगळे बाहेरच्या खोलीत होते. आईचा उजवा हात मी हातात घेतला, नखं वाढलेली होती. म्हटलं, एवढं तरी करावं. धीर झाला नाही. कुणाची चाहूल लागली तसं ते पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी तू ते शोधत होतीस, शिवणाच्या खोक्यात, गादीखाली, आणि मीही तुझ्याबरोबर वाकून वाकून शोधलं. सहा महिने ते माझ्या इथल्या ड्रॉवरमध्ये होतं. लेख लिहिताना समोर ठेवायची. मी ते एकदाही वापरलं नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तुला वाटेल तेव्हा, एक महिन्यानं, वर्षानं, फक्त "आज ये" एवढं कळव. त्याच दिवशी येईन.

तेव्हा तिथे नसलेली,
तुझी धाकटी